तयार संचांचा इतिहास : मुक्त स्रोत संकेतस्थळ-प्रणालींची वितरणे आणि संपादनाची जबाबदारी

१. प्रास्ताविक

छापील ग्रंथ हाती घेताना अभ्यासकाला काही प्रश्न सवयीने पडतात. ही प्रत कोणी सिद्ध केली, कोणत्या हस्तलिखितांवरून केली, संपादकाने काय ठेवले, काय गाळले आणि त्यामागे कोणते धोरण होते, हे विचारल्याशिवाय तो त्या ग्रंथाच्या आधारे विधान करीत नाही. तोच अभ्यासक जेव्हा आपल्या विभागाचे संकेतस्थळ, हस्तलिखितांचा संग्रह किंवा एखादी ग्रंथसूची महाजालावर मांडण्यासाठी तयार सॉफ्टवेअर निवडतो, तेव्हा मात्र यांपैकी एकही प्रश्न बहुधा विचारला जात नाही. जे मिळाले ते एकसंध, निर्मात्याविना आलेले साधन मानले जाते. वस्तुतः असे तयार संच हे निवड, संकलन, दुरुस्ती आणि मांडणी या क्रियांतून सिद्ध झालेले असतात. म्हणजे ज्याला साहित्याभ्यासात संपादन म्हणतात तेच येथेही घडलेले असते.

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या परिभाषेत अशा संचाला ‘वितरण’ म्हणतात. मूळ प्रणालीचा गाभा, त्याला जोडलेली निवडक मॉड्यूल्स, दृश्यरूप ठरविणाऱ्या थीम आणि या सर्वांना एका विशिष्ट उपयोगासाठी लावून देणाऱ्या सूचना यांचे एकत्र बांधलेले गाठोडे, असे त्याचे स्थूल वर्णन करता येईल. प्रस्तुत निबंधात या वितरणांच्या इतिहासाचा मागोवा द्रुपल या संकेतस्थळ-प्रणालीच्या आधारे घेतला आहे. वर्डप्रेस (२००३) आणि जुमला (२००५) या समकालीन प्रणाली अधिक परिचित असल्या, तरी ‘वितरण’ ही संकल्पना नावानिशी, नियमांनिशी आणि सार्वजनिक सूचीनिशी विकसित झाली ती प्रामुख्याने द्रुपलच्या परंपरेत. आणि तिच्या मर्यादाही तेथेच सर्वांत स्पष्टपणे दिसून आल्या.

२. ‘वितरण’ या शब्दाचा पूर्वेतिहास

हा शब्द संकेतस्थळांपेक्षा पुष्कळ जुना आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील केंद्रातून १९७८ मध्ये युनिक्स या प्रणालीसाठी तयार केलेल्या आज्ञावलींची एक चुंबकीय फीत इतर संस्थांना पाठविण्यात आली. ‘बर्कले सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन’ हे तिचे नाव. बिल जॉय यांनी जमविलेल्या या पहिल्या संचाच्या सुमारे ३० प्रती गेल्या. येथे वितरण म्हणजे अक्षरशः वाटप : फिती तयार करणे आणि त्या टपालाने धाडणे. संचात स्वतंत्र कार्यकारी प्रणाली नव्हती. आधीच असलेल्या प्रणालीवर चढवायची भर होती. परंतु पाठविणाऱ्याने काय पाठवायचे ते निवडले होते, ही गोष्ट तेव्हाही खरी होती.

पुढच्या टप्प्यावर या वाटपाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये ग्नू सार्वजनिक परवान्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. या परवान्याने प्रत काढण्याचा, बदल करण्याचा आणि बदललेली प्रत पुढे देण्याचा हक्क दिला. मात्र पुढे देणाऱ्याने घेणाऱ्यालाही तेच हक्क दिले पाहिजेत, अशी अट घातली. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहावयास घेतलेला लिनक्सचा गाभा १९९२ मध्ये याच परवान्याखाली आला.

गाभा एकट्याने कोणाच्याच उपयोगाचा नव्हता. त्याच्याभोवती शेकडो लहान-मोठ्या आज्ञावली जमवाव्या लागत आणि त्यांच्या आवृत्त्या परस्परांशी जुळवाव्या लागत. हे काम करणारे संच १९९२ पासून दिसू लागले. त्यांपैकी ‘सॉफ्टलँडिंग लिनक्स सिस्टिम’ हा संच लोकप्रिय झाला, पण त्यात दोषही बरेच होते. त्याच्याच प्रतीवर दुरुस्त्या करून पॅट्रिक फोल्करडिंग यांनी जुलै १९९३ मध्ये स्लॅकवेअर प्रसिद्ध केले. त्याच असमाधानातून पुढच्याच महिन्यात इयन मर्डॉक यांनी नव्याने आरंभ करून डेबियन प्रकल्पाची घोषणा केली. मर्डॉक यांच्या जाहीरनाम्यातील प्रतिपादन येथे महत्त्वाचे आहे. वापरणाऱ्याच्या हाती प्रत्यक्षात गाभा पडत नाही, वितरण पडते. म्हणून वितरण तयार करणे हे दुय्यम काम नसून सातत्याने, काळजीने आणि उघडपणे करण्याचे काम आहे, असा त्याचा आशय होता. मूळ लेखनाइतकेच संकलनालाही कर्तृत्व मानण्याची ही भूमिका होती.

डेबियनपुढे लवकरच एक व्यावहारिक प्रश्न उभा राहिला : संचात काय घ्यावे आणि काय घेऊ नये? या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९९७ मध्ये सामाजिक करारनामा आणि त्यासोबत मुक्त सॉफ्टवेअरची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारण्यात आली. १९९८ मध्ये ‘मुक्त स्रोत’ ही संज्ञा रूढ करण्यात आली, तेव्हा तिची अधिकृत व्याख्या याच तत्त्वांवरून बेतण्यात आली. म्हणजे आज ज्या व्याख्येने मुक्त स्रोत ओळखला जातो ती आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या नव्हे, तर संकलकांच्या गरजेतून आली आहे. काय समाविष्ट करायचे याचा निकष शोधताना एका संपूर्ण क्षेत्राची व्याख्या घडावी, ही घटना वाङ्मयीन संकलनांच्या इतिहासाशी परिचित असलेल्या अभ्यासकाला अनोळखी वाटणार नाही.

३. गाभा आणि त्याभोवतीचे श्रम

द्रुपलचा उगम अँटवर्प विद्यापीठाच्या विद्यार्थी-वसतिगृहात झाला. ड्रिस बाउटार्ट आणि त्यांचे मित्र यांनी २००० मध्ये आपसांत निरोप ठेवण्यासाठी एक लहानशी सोय तयार केली. विद्यापीठ सोडल्यावर ती महाजालावर न्यायची ठरली, तेव्हा गाव या अर्थाचा ‘डॉर्प’ हा डच शब्द नोंदवताना ‘ड्रॉप’ असा लिहिला गेला आणि तेच नाव पुढे राहिले. जानेवारी २००१ मध्ये त्यामागील आज्ञावली प्रसिद्ध झाली तेव्हा थेंब या अर्थाच्या ‘द्रुपल’सदृश डच शब्दाच्या इंग्रजी उच्चारावरून तिला द्रुपल हे नाव मिळाले. लेखनिकाच्या हातून झालेली चूक पाठात कायम व्हावी, तसा हा प्रकार.

या प्रणालीची रचना प्रारंभापासून लहान गाभा आणि स्वतंत्र मॉड्यूल्स या तत्त्वावर होती. गाभ्यात ठरावीक ठिकाणी जणू मोकळ्या खुंट्या ठेवलेल्या असतात आणि मॉड्यूल लिहिणारा गाभ्याला हात न लावता आपले काम त्या खुंट्यांवर अडकवितो. त्यामुळे जगभरच्या लेखकांना परस्परांची परवानगी न घेता भर घालता आली. मॉड्यूल्सची संख्या वाढत गेली, पण त्याच मानाने नवागताची अडचणही वाढली. ग्रंथसूचीसाठी कोणते मॉड्यूल घ्यावे, ते कोणत्या आवृत्तीशी जुळते, त्याला आणखी कोणती मॉड्यूल्स लागतात आणि त्यांपैकी कोणते सोडून दिलेले आहे, हे ज्ञान कोठेही एकत्र लिहिलेले नव्हते. ते अनुभवी माणसांच्या जवळ होते. शिवाय स्थापनाही हाताने करावी लागे. डेटाबेस स्वतः निर्माण करायचा, कोष्टकांची फाइल त्यात भरायची आणि मांडणीची फाइल उघडून त्यात नाव व परवलीचा शब्द लिहायचा, असा क्रम होता. वितरणाची गरज या दोन श्रमांतून निर्माण झाली : निवडीचे श्रम आणि स्थापनेचे श्रम.

४. निवडणुकीतून आलेले वितरण

ही गरज प्रथम भागविली गेली ती अमेरिकेतील एका राजकीय प्रचारात. २००४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळविण्याच्या प्रयत्नात असलेले हॉवर्ड डीन यांचे समर्थक देशभर विखुरलेले होते आणि प्रत्येक गटाला स्वतःचे संकेतस्थळ हवे होते. काही स्वयंसेवकांनी २००३ मध्ये द्रुपल घेऊन त्यात अशा गटांना लागणारी मॉड्यूल्स भरली आणि तो संच ‘डीनस्पेस’ या नावाने वाटला. उमेदवार बदलला तरी गट तेच, गरजा त्याच; म्हणून फेब्रुवारी २००४ मध्ये डीन शर्यतीतून बाहेर पडल्यावर हे काम थांबले नाही. त्यातूनच ‘सिव्हिकस्पेस’ हा नागरी संघटनांसाठीचा सर्वसाधारण संच निघाला.

सिव्हिकस्पेसजवळ स्वतःचा स्थापक होता. पडद्यावर प्रश्न विचारून तो स्थळ उभारून देई. मूळ द्रुपलला अशी सोय अद्याप नव्हती. म्हणजे काही काळ शाखा मूळ खोडाच्या पुढे होती आणि त्यातून एक ताणही निर्माण झाला. शाखेने केलेल्या सुधारणा खोडात परत नेल्या नाहीत तर दोन परंपरा वेगळ्या पडतात आणि प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर त्यांचा मेळ घालणे अधिक खर्चिक होते. ग्नू परवान्याखाली फुटून निघण्याचा हक्क असतोच. पण फुटून न निघण्याचा निर्णय हा हक्कापेक्षा अधिक परिणामकारक ठरू शकतो. सिव्हिकस्पेसच्या संस्थापकांपैकी नील ड्रम यांच्याकडे पुढे द्रुपलच्या पाचव्या आवृत्तीची देखभाल आली आणि १५ जानेवारी २००७ रोजी प्रसिद्ध झालेल्या त्या आवृत्तीत पडद्यावरचा स्थापक गाभ्यातच समाविष्ट झाला. सिव्हिकस्पेस हे नाव काही वर्षांत मागे पडले. त्याची कल्पना मात्र मूळ प्रणालीत मुरली.

५. वितरण वाचायचे कसे

पाचव्या आवृत्तीने स्थापकाबरोबर आणखी एक गोष्ट आणली : स्थापना-आराखडा. येथे दोन संज्ञांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे, कारण त्यांची गल्लत सर्रास होते. आराखडा म्हणजे सूचनांचा लहानसा समूह : कोणती मॉड्यूल्स चालू करायची, कोणते प्रकार निर्माण करायचे, पहिल्या पानावर काय दाखवायचे. वितरण म्हणजे गाभा, हा आराखडा आणि त्याने मागितलेली सर्व मॉड्यूल्स यांचा बांधलेला संच. आराखडा हा संपादकीय आदेश होय, तर वितरण हे त्या आदेशानुसार बांधलेले पुस्तक.

सातव्या आवृत्तीच्या काळातील, म्हणजे जानेवारी २०११ नंतरचे एखादे वितरण उघडून पाहिले तर त्याची रचना अशी आढळते. ‘प्रोफाइल्स’ नावाच्या कप्प्यात वितरणाच्या नावाचा एक कप्पा असतो. त्यातील माहिती-फाइलीत संचाचे नाव, वर्णन, गाभ्याची आवृत्ती आणि आवश्यक मॉड्यूल्सची यादी असते. स्थापना-फाइलीत प्रथम उभारणीच्या वेळी करावयाच्या कृती असतात. तिसऱ्या एका फाइलीत, जिला त्या वर्तुळात ‘मेक’ फाइल म्हणतात, प्रत्येक घटक कोठून आणि नेमक्या कोणत्या आवृत्तीत घ्यावयाचा याची नोंद असते. ही शेवटची फाइल संपादनशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत बोलकी. संच कोणत्या प्रतींवरून सिद्ध झाला याचे ते विवरणच असते.

याहून उद्बोधक आहे दुरुस्त्यांची नोंद. पुष्कळदा एखादे मॉड्यूल मूळ रूपात चालत नाही. वितरण तयार करणारा त्यात चार ओळी बदलतो. संच बांधणारी यंत्रणा अशा प्रत्येक बदलाची नोंद त्या मॉड्यूलच्या कप्प्यात ‘पॅचेस’ या नावाच्या फाइलीत ठेवत असे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकृत पाठाखाली पाठभेदांची जी व्यवस्था आहे, तिच्याशी या नोंदीचे साम्य सहज ध्यानात येईल. वाचकाने संपादकावर विश्वास ठेवावा, पण तो तपासण्याचे साधनही त्याच्या हाती असावे, हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे. भेदही आहे आणि तो मूलगामी आहे. चिकित्सक आवृत्तीचा संपादक मागे, लुप्त झालेल्या पाठाकडे जाऊ पाहतो; वितरणाचा संपादक पुढे, अद्याप न आलेल्या वापराकडे पाहतो.

मराठी परंपरेतील एक उदाहरण हा भेद अधिक स्पष्ट करील. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तिच्या अखेरीस जोडलेल्या ओव्यांत पुढे कोणी त्या ग्रंथात आपली ओवी मिसळू नये असे बजावलेले आहे. शुद्धीकरणाचे काम तेथे पाठ बंद करण्यासाठी होते. ग्नू परवान्याखालील संकलक असे बजावू शकत नाही; भर घालण्याचा पुढच्याचा हक्क मान्य केल्याशिवाय त्याला स्वतःचा संच वाटताच येत नाही. म्हणून येथे शुद्धता म्हणजे भर नसणे नव्हे, तर प्रत्येक भरेची नोंद असणे. जो संच आपल्या दुरुस्त्या लपवितो तो वापरणाऱ्याला पुढे जड जातो.

६. बहराचा काळ

२००९ ते २०१४ हा वितरणांच्या बहराचा काळ म्हणता येईल. सहाव्या व सातव्या आवृत्तीत स्थळाची बहुतेक मांडणी डेटाबेसमध्ये राहत असे. त्यामुळे एका ठिकाणी केलेली मांडणी फाइलींच्या रूपाने दुसरीकडे नेणे अवघड होते. वॉशिंग्टन येथील डेव्हलपमेंट सीड या संस्थेने रचलेल्या ‘फीचर्स’ या मॉड्यूलने ही मांडणी फाइलीत उतरविण्याची सोय केली. त्याच संस्थेने २००९ मध्ये या तंत्रावर उभारलेले ‘ओपन एट्रियम’ हे गटांच्या अंतर्गत कामकाजासाठीचे वितरण प्रसिद्ध केले. फीचर्स मॉड्यूलचा एक विशेष असा की, वितरणाने दिलेली मांडणी आणि स्थळावर प्रत्यक्ष असलेली मांडणी यांची तुलना करून ढळलेल्या भागावर ते तशी खूण करीत असे. एकाच संचातून उभारलेली दोन स्थळे वर्षभरात कशी वेगळी होतात, हे त्यामुळे प्रथमच पडद्यावर दिसू लागले.

याच काळात विद्यापीठांसाठी हार्वर्डच्या संख्यात्मक समाजशास्त्र संस्थेने ‘ओपनस्कॉलर’ सिद्ध केले. एकाच उभारणीत प्रत्येक प्राध्यापकाला स्वतःचे स्थळ, प्रकाशनांची सूची आणि अभ्यासक्रमाची पाने देणारा हा संच होता. वृत्तसंस्थांसाठी ‘ओपनपब्लिश’, परिषदांच्या आयोजनासाठी ‘कॉड’, समूहांसाठी अक्विया कंपनीचे ‘कॉमन्स’ असे संच आले. ‘पॅनोपोली’ हा संच तर इतर वितरणांचा पाया व्हावा म्हणूनच रचला गेला आणि ओपन एट्रियमची दुसरी पिढी त्यावर उभी राहिली. अशा रीतीने संकलनावर संकलन हा थर निर्माण झाला.

द्रुपलच्या मध्यवर्ती स्थळावर या संचांची सूची आणि बांधणी होत असे. प्रत्येक संच गाभ्यासह आणि गाभ्याविना अशा दोन रूपांत उतरवून घेता येई. पहिला नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी, दुसरा आधीच गाभा असलेल्यासाठी. सूचीतील प्रत्येक पानावर देखभालीची स्थिती, अखेरच्या आवृत्तीची तारीख, गाभ्याची सुसंगत आवृत्ती, वापराची नोंदलेली संख्या आणि सुरक्षा-सूचनांच्या कक्षेत तो संच येतो की नाही याची खूण दिलेली असे. संचाचे वर्णन त्याचा कर्ता लिहितो, म्हणून ते प्रस्तावनेसारखे वाचावे. या नोंदी मात्र कालपरत्वे स्वतः बदलतात, म्हणून त्या प्रतीच्या पुष्पिकेसारख्या वाचाव्यात. सुंदर वर्णन आणि दोन वर्षांपूर्वीची अखेरची आवृत्ती यांत विसंगती असेल, तर पुष्पिकेवर विश्वास ठेवणे श्रेयस्कर.

७. सात तास आणि काही वर्षे

वितरणांच्या मर्यादा दोन प्रसंगांनी उघड केल्या. पहिला १५ ऑक्टोबर २०१४ चा. सातव्या आवृत्तीच्या गाभ्यात डेटाबेसशी बोलणाऱ्या भागात एक गंभीर भगदाड आढळले आणि ७.३२ ही दुरुस्त आवृत्ती प्रसिद्ध करण्यात आली. दोन आठवड्यांनी द्रुपलच्या सुरक्षा-गटाने जे निवेदन काढले त्यात म्हटले होते की, घोषणेनंतर सात तासांच्या आत दुरुस्ती न केलेले प्रत्येक स्थळ आक्रमकांच्या हाती गेले आहे असेच समजून चालावे.

वितरणाच्या दृष्टीने या सात तासांचा अर्थ असा. ज्याने गाभा स्वतंत्र घेतला होता त्याला एकाच संस्थेच्या घोषणेवर हालचाल करायची होती. ज्याने गाभ्यासह संच घेतला होता त्याच्या आणि दुरुस्तीच्या मध्ये आणखी एक माणूस उभा होता : वितरणाची देखभाल करणारा. तो झोपेत असेल, सुटीवर असेल किंवा ते काम सोडून गेला असेल. गाभा स्वतः बदलून घेण्याचा मार्ग मोकळा होता. परंतु आपल्या संचात गाभा हा वेगळा घटक आहे हे ज्याला ठाऊकच नाही, त्याला तो मार्ग दिसण्याची शक्यता नव्हती. संच समजून घेणे हा येथे जिज्ञासेचा भाग राहिला नाही. संग्रह शिल्लक राहतो की नाही, हे त्यावर ठरत होते.

दुसरा प्रसंग अधिक संथ होता. १९ नोव्हेंबर २०१५ रोजी आठवी आवृत्ती आली. तिची अंतर्रचना इतकी बदललेली होती की सातव्या आवृत्तीतील मॉड्यूल्स पुन्हा लिहावी लागली आणि जुन्या स्थळातील आशय नव्यात स्थलांतरित करावा लागला. मांडणी आता गाभ्याच्याच सोयीने फाइलीत उतरू लागली आणि घटक जमविण्याचे काम ‘कंपोझर’ या सर्वसाधारण साधनाकडे गेले. वितरणांनी जे कष्टाने साधले होते त्यातील बराच भाग गाभ्याने आत्मसात केला. कॉमन्ससारखे संच या उंबरठ्यावरच थांबले. नव्या पिढीत अक्वियाने ‘लाइटनिंग’ हा संच उभारला, पण तोही २०२१ मध्ये बंद करण्यात आला. ओपन एट्रियमचे मूळ कर्ते त्याआधीच, २०१२ च्या सुमारास, नकाशांच्या कामाकडे वळले होते आणि तो संच ‘फेज टू’ या दुसऱ्या संस्थेकडे गेला होता.

यात कोणाचा कपटभाव शोधण्याचे कारण नाही. वितरण बांधणे हे एकदाचे काम, ते जिवंत ठेवणे रोजचे; पहिल्यासाठी उत्साह पुरतो, दुसऱ्यासाठी वेतन लागते. जी वितरणे टिकली त्यांच्यामागे बहुधा स्वतःच ती वापरणारी संस्था उभी असल्याचे आढळते. जर्मनीतील हुबर्ट बुर्डा या प्रकाशनसमूहाचे ‘थंडर’ (२०१६), ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारचे ‘गव्हसीएमएस’ (२०१५) आणि ब्रिटनमधील स्थानिक परिषदांनी २०१९ नंतर सामायिकपणे उभारलेले ‘लोकलगव्ह द्रुपल’ ही त्याची उदाहरणे. तिसऱ्या उदाहरणाचा आरंभ एका परिषदेने दुसरीची आज्ञावली उसनी घेण्यातून झाला, हे लक्षणीय आहे. वाचकच संपादकमंडळात बसला, की आवृत्ती निघत राहते.

सातव्या आवृत्तीचा पाठिंबा आधी नोव्हेंबर २०२१ मध्ये संपावयाचा होता. तो पुन्हा पुन्हा लांबवून अखेर ५ जानेवारी २०२५ रोजी थांबविण्यात आला. या तीन वर्षांहून अधिक मुदतवाढीत, आपल्या संचाला पुढचा मार्ग नसलेल्या अनेक लहान संस्थांची अडचण सामावलेली आहे.

८. भाषेचा प्रश्न

भारतीय भाषांच्या अभ्यासकासाठी या इतिहासाला आणखी एक पदर आहे. वितरण केवळ आज्ञावली गोळा करीत नाही. ते वापरणाऱ्याविषयीची काही गृहीतकेही गोळा करते. द्रुपलमधील पडद्यावरचा मजकूर मुळात इंग्रजीत लिहिलेला असून त्याचे अनुवाद प्रत्येक भाषेचे स्वयंसेवक वेगळ्या फाइलींत करतात. गाभ्यातील वाक्यांचा अनुवाद झाला, तरी वितरणात आलेल्या प्रत्येक मॉड्यूलबरोबर नवी वाक्ये येतात. त्यांचा अनुवाद नसेल तेथे इंग्रजी मूळ तसेच दिसते. त्यामुळे संच जितका समृद्ध, तितका लहान भाषेतील पडदा अधिक संमिश्र, असा उलटा परिणाम होतो. आठव्या आवृत्तीपासून स्थापनेचा पहिलाच प्रश्न भाषेचा असतो आणि उपलब्ध अनुवाद आपोआप उतरविला जातो, ही मोठी सुधारणा होय. पण अनुवाद करणाऱ्या हातांची संख्या त्याने वाढत नाही.

गृहीतके शब्दांपुरतीही राहत नाहीत. ग्रंथसूचीचा संच लेखकाचे नाव ‘पहिले’ आणि ‘शेवटचे’ अशा दोन रकान्यांत मागतो, तेव्हा नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन घटक असलेले मराठी नाव आणि आद्याक्षर पुढे घेणारे तमिळ नाव दोघांनाही त्यात बसताना मुरड घालावी लागते. अकारविल्हे सूची रोमन वर्णक्रमाची २६ घरे आखून देत असेल, तर देवनागरीतील नोंदी कोठे जाव्यात? हे प्रश्न संच निवडण्यापूर्वी विचारले तर उत्तर शोधता येते. निवडल्यानंतर विचारले तर ते केवळ गाऱ्हाणे ठरते.

भारतात या बाबतीत प्रयत्न झाले ते प्रामुख्याने कार्यकारी प्रणालीच्या पातळीवर. सी-डॅकने मुक्त सॉफ्टवेअरच्या राष्ट्रीय संसाधन केंद्राच्या सहकार्याने डेबियनवर आधारलेले ‘बॉस’, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स, २००७ मध्ये प्रसिद्ध केले. मराठीसह अनेक भारतीय भाषांचा पाठिंबा हे त्याचे प्रयोजनच होते. केरळमध्ये शालेय शिक्षणासाठी ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाने स्वतःचे ग्नू-लिनक्स वितरण तयार करून राज्यभरच्या शाळांत वापरात आणले. त्यात निवड करणारे आणि शिकविणारे एकाच व्यवस्थेचे भाग होते. ब्रिटिश परिषदांच्या उदाहरणातून निघालेला निष्कर्ष केरळच्या उदाहरणानेही पुष्ट होतो. संकेतस्थळ-प्रणालींच्या पातळीवर, भारतीय भाषांतील हस्तलिखिते, नियतकालिके आणि सूची यांच्या गरजा आधारभूत मानून विद्यापीठांनी सामायिकपणे सांभाळलेला संच हा त्या अनुभवाचा स्वाभाविक पुढचा टप्पा ठरेल.

९. पाककृती आणि समारोप

वितरणांच्या अनुभवातून द्रुपलच्या कर्त्यांनी २०२२ नंतर वेगळी दिशा घेतली. जून २०२४ मधील १०.३ या आवृत्तीत ‘रेसिपी’ ही संकल्पना प्रायोगिक रूपात आली. हा शब्दच पुरेसा सूचक आहे. स्थापना-आराखडा स्थळाशी कायमचा बांधलेला असे आणि एका स्थळाला एकच आराखडा घेता येई. रेसिपी मात्र एकदा लागू केली की तिचे काम संपते. स्थळ तिच्यावर अवलंबून राहत नाही आणि एकाच स्थळावर अनेक रेसिपी एकापुढे एक लागू करता येतात. याच पायावर १५ जानेवारी २०२५ रोजी ‘द्रुपल सीएमएस’ हा तयार संच खुद्द द्रुपल प्रकल्पाने प्रसिद्ध केला. जे काम बाहेरच्या संकलकांनी दोन दशके केले ते अशा रीतीने मूळ प्रकल्पाने स्वतःकडे घेतले.

रेसिपीने एक प्रश्न सोडविला आणि एक नव्याने मांडला. संकलक निघून गेला तरी स्थळ अडकत नाही, हा लाभ उघड आहे. परंतु पदार्थ शिजल्यानंतर पाककृतीचा मागमूस ताटात राहत नाही. पुढच्या सुधारणा आपोआप येत नाहीत आणि स्थळाची घडण कोणत्या संपादकीय निर्णयांतून झाली, हे ज्याच्या त्यालाच नोंदवून ठेवावे लागते. आराखड्याच्या काळात जबाबदारी संकलकाकडे होती आणि तो ती टाकून जाऊ शके. रेसिपीच्या काळात ती आरंभापासूनच स्थळ चालविणाऱ्याकडे आलेली आहे.

तेव्हा तयार संच शोधणाऱ्या अभ्यासकासमोरचे प्रश्न बदललेले नाहीत. हा संच कोणी सिद्ध केला, तो स्वतः ते वापरतो काय, मूळ घटक कोणते, त्यांत कोणते बदल केले आणि ते कोठे नोंदले, अखेरची आवृत्ती कधीची, आपल्या भाषेतील नाव, वर्णक्रम आणि पडद्यावरचा मजकूर यांना त्यात जागा आहे काय, आणि उद्या संकलक निघून गेला तर आशय दुसरीकडे नेता येईल काय? यांपैकी बहुतेक प्रश्न पाठचिकित्सेने हस्तलिखितांना फार पूर्वीपासून विचारले आहेत. केवळ शेवटचा नवा आहे. कागदावरची प्रत संपादक गेल्यावरही वाचता येते. महाजालावरची प्रत मात्र तिची देखभाल चालू असेल तोवरच वाचता येते, आणि म्हणून ती देखभाल कोण करणार हा प्रश्न संग्रहाच्या आशयाइतकाच अभ्यासाचा विषय मानला पाहिजे.